एकच खाते की दोन? कामाची आणि खासगी ओळख कशी मांडावी याचा तुलनात्मक आढावा

आपल्या कामाबद्दल समाजमाध्यमांवर नियमितपणे लिहायचे ठरवले की कोणते माध्यम निवडावे याच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो. स्वतःच्या नावाचे एकच खाते ठेवून त्यावरच सगळे बोलावे, की कामाचे एक आणि घरच्यांसाठी-मित्रांसाठी दुसरे अशी विभागणी करावी? मी पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे काम करतो आणि त्याविषयी सर्वसामान्य वाचकांसाठी लिहितो. या दोन्ही पद्धती मी पुरेसा काळ वापरल्या आहेत. पुढे जे लिहीत आहे ते त्या अनुभवावर आधारलेले आहे. प्रत्येकाच्या कामाचे स्वरूप वेगळे असल्यामुळे माझा निष्कर्ष सर्वांना लागू पडेलच असे नाही.

माध्यमांचे नियम या बाबतीत सारखे नाहीत. लिंक्डइनवर एका व्यक्तीला एकच खाते आणि तेही खऱ्या नावाने ठेवता येते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही. फेसबुक वैयक्तिक खाते एकच मानते, पण कामासाठी वेगळे पेज काढू देते. इन्स्टाग्रामवर एकाच ॲपमधून अनेक खाती आलटून पालटून वापरता येतात. एक्सवर एकाहून अधिक खाती चालतात, मात्र तोच मजकूर आपल्याच अनेक खात्यांवरून टाकणे तिथल्या नियमांत बसत नाही. विभागणी करायची झाल्यास दोन्हीकडे वेगवेगळे लिहिण्याची तयारी हवी, हे त्यातून ओघाने येते.

दोन खात्यांचा मोठा लाभ म्हणजे मनाची शांतता, आणि तो मी कमी लेखणार नाही. मुलांचे फोटो, घरातली आजारपणे, सहलीचे ठिकाण या गोष्टी अनोळखी वाचकांपुढे जात नाहीत. कामाच्या पोस्टखाली कामाचीच चर्चा होते. एकाच खात्यावर असताना क्लोरीनच्या मात्रेबद्दल मी तपशिलाने लिहावे आणि खाली पहिली प्रतिक्रिया मावशीची यावी, ‘छान लिहितोस रे, आईची तब्येत कशी आहे?’, हे अनेकदा घडते. त्यात प्रेम असते, पण पुढचा अनोळखी वाचक तिथे प्रश्न विचारायला थोडा संकोचतो. वेगळे खाते असले की हा प्रकार टळतो.

सार्वजनिक पदावर असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर दोन खात्यांची बाजू निर्विवादपणे बळकट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२४ रोजी एकमताने दिलेला लिंडके विरुद्ध फ्रीड हा निकाल यासाठी मुळातून वाचण्यासारखा आहे. मिशिगन राज्यातील पोर्ट ह्युरन या शहराच्या प्रशासकाचे फेसबुक खाते विद्यार्थिदशेपासूनचे होते. मित्रसंख्या ५,००० या मर्यादेपर्यंत पोहोचल्यावर त्याचे सार्वजनिक पेज झाले आणि पुढे पद मिळाल्यावर परिचयात त्या पदाचाही उल्लेख आला. घरचे फोटो आणि शहराच्या कारभाराची माहिती असे दोन्ही त्याच पानावर येत राहिले. करोनाच्या काळात टीका करणाऱ्या एका नागरिकाच्या प्रतिक्रिया काढून टाकल्या गेल्या, त्याला ब्लॉक केले गेले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. अधिकाऱ्याला शासनाच्या वतीने बोलण्याचा प्रत्यक्ष अधिकार होता का, आणि त्या पोस्टमध्ये तो अधिकार वापरत असल्याचे त्याने दर्शवले होते का, अशी दुहेरी कसोटी न्यायालयाने घालून दिली. त्यात व्यवहाराच्या दृष्टीने दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. हे पान वैयक्तिक आहे असे स्पष्ट लिहिलेले असते तर अधिकाऱ्याच्या बाजूने भक्कम गृहीतक धरता आले असते, असे न्यायालय म्हणते. ‘मते वैयक्तिक’ ही परिचयातली ओळ म्हणूनच अगदीच निरर्थक नाही. दुसरे असे की ब्लॉक केल्याने माणूस संपूर्ण पानापासूनच तोडला जातो, त्यामुळे खासगी आणि शासकीय मजकूर एकत्र ठेवणारा अधिकारी स्वतःवर अधिक जोखीम ओढवून घेतो. ज्यांच्याकडे शासकीय पद आहे त्यांनी पदाचे खाते आणि स्वतःचे खाते वेगळेच ठेवावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

संस्थेच्या नावाने चालणाऱ्या खात्याची गोष्ट थोडी निराळी आहे. ते आपले दुसरे खाते समजू नये. फोनडॉग या कंपनीने २०११ साली आपल्या एका माजी लेखकावर दावा लावला होता, कारण नोकरी सोडल्यावर त्याने ट्विटर खात्याचे नाव बदलले, पण सुमारे १७,००० फॉलोअर स्वतःकडेच ठेवले. ते प्रकरण अखेर तडजोडीने मिटले. खात्याच्या नावात संस्थेचे नाव असेल तर निघताना ते कोणाकडे राहील हे आरंभीच लेखी ठरवून घेतलेले बरे.

आता माझ्यासारख्यांकडे वळतो, म्हणजे ज्यांच्याकडे शासकीय पद नाही, पण विषयाचे ज्ञान आहे आणि ते लोकांपर्यंत पोहोचावे अशी इच्छा आहे. इथे दोन खात्यांनी मला ज्या ठिकाणी अडवले, ते ठिकाण सुरुवातीला माझ्या ध्यानातच आले नव्हते. आपण केलेली विभागणी प्रश्न विचारणारा माणूस पाळत नाही. तो आपल्याला जिथे ओळखतो तिथेच विचारतो.

एक उदाहरण देतो. पाणी गढूळ येऊ लागले की ‘उकळून प्या’ हा सल्ला सर्वत्र फिरतो आणि बहुतेक वेळा तो योग्यही असतो. मी कामाच्या खात्यावर त्याविषयी पूर्ण लिहिले होते: पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट पुरते, सुमारे २,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळावे, मात्र पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर उकळण्यावर विसंबू नये, कारण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, आणि पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढतच जाते. त्याच सुमारास माझ्या खासगी खात्याच्या इनबॉक्समध्ये शाळेतल्या एका मित्राने विहिरीच्या पाण्याच्या तपासणी अहवालाचा फोटो पाठवला. नायट्रेटचा आकडा प्रतिलिटर ५० मिलिग्रॅम या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेच्या बराच वर होता, आणि खाली त्याचा प्रश्न होता: ‘उकळून गार केले तर बाळाच्या दुधात वापरू का?’ बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना नायट्रेटचा धोका सर्वाधिक असतो. मी लगेच उत्तर दिले, पाणी बदलायला सांगितले, आणि विषय तिथे संपला.

खरे तर तो संपायला नको होता. तो प्रश्न माझ्या जाहीर पोस्टखाली आला असता तर तसाच अहवाल हातात घेऊन बसलेल्या आणखी कितीतरी घरांना उत्तर मिळाले असते. पुढे हेच पुन्हा पुन्हा घडत गेले. नातेवाईक, जुने शेजारी, मित्रांचे मित्र सगळे खासगी खात्यावर विचारत, मी तीच उत्तरे बंद इनबॉक्समध्ये पुन्हा लिहीत असे, आणि कामाच्या खात्यावरच्या नेटक्या पोस्टखाली शांतता असे. मग मी विनंती करू लागलो की कृपया हा प्रश्न कामाच्या खात्यावर विचारा, म्हणजे इतरांनाही वाचता येईल. त्याचा परिणाम उलटा झाला. विश्वासाने विचारणाऱ्याला दुसऱ्या खिडकीवर पाठवल्यासारखे ते होते; बहुतेक जण ‘बरं’ म्हणत आणि पुढे काहीच विचारत नसत. पाण्याच्या बाबतीत कोणी विचारायचे थांबावे, हे मला सोसण्यासारखे नव्हते. माझा निर्णय या एका गोष्टीने झाला.

एका खात्यावर आल्यानंतर मावशीच्या प्रतिक्रिया परत आल्या, हे खरे आहे. पण त्याबरोबर ओळखीच्या माणसांचे साधे, थेट प्रश्नही जाहीरपणे येऊ लागले, आणि त्यांनी विचारलेले पाहून अनोळखी वाचकही विचारू लागले. तज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देणे सोपे असते, कारण त्यांना काय विचारायचे ते माहीत असते. ‘फिल्टर बसवला आहे, मग तपासणी कशाला?’ असे विचारणाऱ्या चुलत्यांमुळे मला काय लिहायला हवे ते कळते. शिवाय मजकुरात काही बदल करायचा झाला तर तो एकाच ठिकाणी करावा लागतो. जुनी प्रत दुसऱ्या खात्यावर तशीच फिरत राहण्याची काळजी उरत नाही.

याची किंमत अर्थातच मोजावी लागते. मुलांचे फोटो मी आता समाजमाध्यमांवर टाकत नाही. ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात जातात. दुसऱ्या कोणी मला टॅग केले तर माझ्या मंजुरीशिवाय ते माझ्या पानावर दिसू नये अशी सेटिंग मी केली आहे, आणि ती प्रत्येकाने करावी असे मला वाटते. एकाच खात्यात वाचकांचे गट पाडण्याची सोयही असते. इन्स्टाग्रामवर २०१८ पासून निवडक मित्रांची यादी करता येते, फेसबुकवर प्रत्येक पोस्टचा वाचकवर्ग ठरवता येतो. मला हा मधला मार्ग मानवला नाही, कारण प्रत्येक पोस्टच्या वेळी माणसांची वर्गवारी करावी लागते आणि एका स्क्रीनशॉटने ती निष्फळ ठरते. गूगल प्लसची सगळी रचना २०११ पासून अशाच वर्तुळांवर उभी होती, आणि सर्वसामान्यांसाठीची ती सेवा २०१९ मध्ये बंद झाली. बंद होण्याची कारणे इतरही होती, पण ओळखीच्या माणसांना वर्तुळांत बसवत राहण्याचा कंटाळा मी स्वतः तेव्हा अनुभवला आहे.

काही जणांना मी तरीही दोन खातीच सुचवेन. ज्यांच्या कामामुळे कुटुंबाला धमक्या येऊ शकतात, जे लहान मुलांना शिकवतात आणि ज्यांचे विद्यार्थी त्यांना शोधत येतात, किंवा ज्यांच्या नोकरीच्या अटींतच तशी विभागणी आहे, त्यांच्या बाबतीत माझ्या गैरसोयीला फारसे वजन देऊ नये. त्यांनी खासगी खाते पूर्णपणे बंदिस्त ठेवावे, त्याला वेगळा फोन क्रमांक आणि ईमेल जोडावा, कारण इतरांनी आपली संपर्कयादी ॲपला दिली की ‘ओळखीचे लोक’ या सदरात ते खाते आपोआप सुचवले जाऊ शकते. इनबॉक्समध्ये आलेला चांगला प्रश्न, विचारणाऱ्याचे नाव आणि ओळखीच्या खुणा वगळून, कामाच्या खात्यावर मांडण्याची सवय लावून घेतली तर माझी मुख्य तक्रारही बरीच कमी होईल.

दोनावरून एकावर यायचे असेल तर घाईने काही बंद करू नये. लिंक्डइनवर चुकून तयार झालेली दोन खाती एकत्र करण्याची सोय आहे आणि त्यात संपर्क हलवता येतात. एक्सवर तशी सोय नाही, तिथे फॉलोअर पुन्हा जोडावे लागतात. जे खाते सोडायचे त्यावर नव्या ठिकाणाचा पत्ता देणारी पोस्ट वर पिन करून ठेवावी, इनबॉक्स अधूनमधून पाहत राहावा, आणि तिथे प्रश्न येणे थांबल्याचे दिसल्यावरच ते खाते मिटवायचा विचार करावा.