पाणी साचणाऱ्या परसासाठी सिल्की डॉगवुड: रोपं घ्यावीत की फांद्यांचे खुंट?

अमेरिकेत न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे घरामागच्या सखल कोपऱ्यात पावसानंतर दोन-दोन दिवस पाणी हटत नाही आणि गवत कुजतं. त्या जागेसाठी तिथलंच मूळचं हे झुडूप आम्ही बिनधास्त सुचवू. पाणी येऊन ओसरणारी जागा याला मानवते. बारमाही तळ्यात मात्र मुळं गुदमरतात.

रोपवाटिकांत ते तीन रूपांत मिळतं: कुंडीतलं, उघड्या मुळांचं (मातीविना पाठवलेलं) आणि फांद्यांचे खुंट. खुंट सर्वांत स्वस्त. झाड सुप्तावस्थेत असताना कापलेली, अर्धा ते दीड इंच जाडीची, दोन-तीन फुटांची काडी दिवसभर पाण्यात भिजवायची आणि डोळे वर ठेवून दोन तृतीयांश जमिनीत ठोकायची. ओढ्याचा काठ बांधायला याहून चांगलं काही नाही. पण सगळे खुंट एकाच झाडाचे असतील तर फळं जेमतेम धरतात, कारण परागीकरणाला जनुकीयदृष्ट्या वेगळं झाड शेजारी लागतं. पक्ष्यांसाठी लावत असाल तर बियांपासून वाढवलेली, उघड्या मुळांची तीन-चार रोपं घ्या. जूनच्या सुमारास पांढरट फुलं येतात आणि उन्हाळा सरताना निळी फळं. कॅटबर्ड, रॉबिन ती भराभर संपवतात.

उघड्या मुळांच्या रोपांचा घात बहुतेकदा ती ज्या खोक्यातून येतात त्यातच होतो: मुळं वाळतात. आल्या दिवशीच दोन-तीन तास पाण्यात ठेवा आणि लगेच लावा. आधीची माती खोडावर जिथवर होती ती खूण जमिनीच्या पातळीला आली पाहिजे. पहिली दोन वर्षं जाळीचं कुंपण हवंच, नाहीतर हरणं आणि ससे शेंडे ठेवत नाहीत.

खरेदी करताना एक जुनी काडी मोडून पाहा. आतला गाभा तपकिरी असेल तर बहुधा सिल्की. पांढरा निघाला तर बहुधा रेड ओसियर किंवा आशियातलं टार्टेरियन हे दुसरे डॉगवुड, आणि त्यांची फळं पांढरी. हिवाळ्यात लालभडक काड्या हव्या असतील तर रेड ओसियरच घ्यावं. सिल्कीचा रंग काळपट लाल.

पानांवर पांढरी पूड फासल्यासारख्या अळ्या दिसल्या तर बीटी (अळ्या मारणारं जिवाणूंचं कीटकनाशक) फवारू नका. त्या सॉफ्लाय या माशीसारख्या दिसणाऱ्या किड्याच्या असतात, त्यांच्यावर ते चालत नाही. उलट त्यानं याच झुडपावर वाढणारी स्प्रिंग अझूर फुलपाखराची अळी मरते. सॉफ्लायच्या अळ्या हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

वाढ सहा ते दहा फूट, पसारा तेवढाच, म्हणून वाटेला लागून लावू नका. तीन-चार वर्षांनी दर वसंताआधी सर्वांत जुन्या काड्यांपैकी एक तृतीयांश जमिनीलगत कापल्या की नवे तजेलदार फुटवे येतात.