अतिदक्षता विभागातील फीडिंग पंप: वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या अतिदक्षता विभागात रायल्स ट्यूबवरच्या, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीवाटे पातळ आहार (फीड) घेणाऱ्या रुग्णांसाठी फीडिंग पंप वापरात येऊन बराच काळ झाला आहे. खरेदीचा विचार करणारी लहान रुग्णालये आणि रुग्णाला घरी नेऊन असा पंप भाड्याने घेऊ पाहणारी कुटुंबे यांच्यासाठी हा अभिप्राय आहे. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण या वर्गातील बहुतेक पंपांचे गुणदोष सारखेच आहेत.

ठरवलेल्या वेगाने, समजा ताशी ५० मिलि, फीड सलग पोटात सोडणे हे पंपाचे काम आणि ते तो चोख करतो. पूर्वी ५० सीसीच्या सिरिंजने दर दोन-तीन तासांनी २०० मिलि फीड दिले जाई आणि रात्रपाळीत घाई असली की ते पाच मिनिटांत संपे. व्हेंटिलेटरवरच्या, गुंगीच्या औषधांखाली असलेल्या रुग्णाचे पोट आधीच मंद चालते. त्यात एकदम भर पडली की फीड उलटून घशात येते आणि श्वासनलिकेतील नळीचा कफ (नळीभोवतीचा हवेचा फुगा) फुगवलेला असला तरी त्याच्या कडेने खाली झिरपून फुप्फुसात जाऊ शकते. असे ॲस्पिरेशन होण्याचा धोका अधिक असलेल्या रुग्णांना सलग फीड द्यावे, असे अमेरिकेतील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनाही सुचवतात. एवढ्यापुरता पंप सिरिंजपेक्षा निश्चितच सरस आहे.

माझी नाराजी आहे ती ‘पंप लावला की ॲस्पिरेशनची काळजी मिटली’ या विक्रीच्या भाषेवर. नातेवाईकही मग विचारतात, “सिस्टर, मशीन लावलंय ना, मग डोकं एवढं वर कशाला ठेवता?” पंपाला रायल्स ट्यूबचे टोक कुठे आहे हे कळत नाही. नळी दुमडली किंवा तुंबली तर तो लगेच अलार्म देतो. पण खोकल्याच्या उबळीने ती वर सरकून अन्ननलिकेत आली, तर वाटेत अडथळाच नसल्यामुळे तो बिनबोभाट फीड सोडत राहतो. त्यामुळे नळी घातल्यावर एक्स-रे काढणे आणि नंतर प्रत्येक पाळीत नाकपुडीशी दिसणारा सेंटिमीटरचा आकडा तक्त्यावर लिहिणे सुटत नाही. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याच्या जुन्या पद्धतीवर विसंबू नये. नळी फुप्फुसात गेली असली तरी तसाच आवाज येऊ शकतो.

डोके वर ठेवण्यामागेही ठोस कारण आहे. बार्सिलोनातील १९९९ च्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या सपाट झोपवलेल्या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांना न्यूमोनिया झाल्याची शंका आली, तर ४५ अंशांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते. मात्र नेदरलँड्समध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ अंश ठरवूनही प्रत्यक्ष सरासरी पहिल्या दिवशी २८ अंशच भरली, याचे कोणत्याही परिचारिकेला नवल वाटणार नाही. पलंगाच्या कठड्यावरचा काटा ३० अंश दाखवत असतो आणि रुग्ण मात्र पायथ्याकडे घसरून कमरेऐवजी छातीत वाकलेला असतो, म्हणजे कोन कागदावर बरोबर आणि पोटावर दाब वाढलेला. दोघांनी मिळून चादरीसकट त्याला वर ओढून घेणे हे काम कोणताही पंप करणार नाही. स्पंजिंगसाठी किंवा कूस बदलण्यासाठी पलंग सपाट करावा लागला तर आधी फीड थांबवावे. आमच्या पंपाचे ‘होल्ड’ बटण मोठे आहे आणि फीड पुन्हा सुरू करायचे राहिले तर काही मिनिटांनी तो आठवण देतो, ही सोय मला फार उपयोगी वाटली.

दर चार तासांनी पोटातील शिल्लक फीड ओढून मोजण्याची पद्धत डॉक्टरांच्या सूचनेनुसार आता सरसकट राहिलेली नाही. फ्रान्समधील नऊ अतिदक्षता विभागांच्या २०१३ च्या अभ्यासात शिल्लक न मोजल्याने न्यूमोनिया वाढला नाही, असे दिसले. उलटी आणि फुगलेले पोट यांकडे मात्र आम्ही बारकाईने पाहतो.

घरगुती फीडच्या बाबतीत पंप कमी पडतो. पेज किंवा वरण कितीही गाळले तरी डाळीचा एखादा कण सेटमध्ये (पंपातून जाणाऱ्या बॅग-नळीत) अडकतो आणि मध्यरात्री अलार्म सुरू होतो. तयार पावडरीचे फीड सुरळीत जाते, पण कालवल्यावर चार तासांहून अधिक काळ बॅगेत लटकवू नये. सेट एकदा वापरून टाकून द्यायचे असल्यामुळे भाड्याइतकीच त्यांची किंमतही आधी विचारून घ्यावी. शिवाय नव्या सेटचे टोक फीड चुकून सलाईनच्या नळीला जोडले जाऊ नये अशा बेताचे असते, ते आपल्याकडच्या जुन्या रायल्स ट्यूबच्या पसरट तोंडात नीट बसत नाही. त्यासाठीचा ॲडाप्टर पंपासोबतच मागून घ्यावा.