फेंडर रंबल १०० : कॅफेपुरता दमदार
बास गिटारचा हा अँप्लिफायर. एक १२ इंची स्पीकर, वजन साधारण १० किलो. लिफ्ट नसली तरी एका हाताने वर नेता येतो. हळू हाताच्या ड्रमरसोबत रंबल १०० पुरतो. ड्रमर पेटला की लो-बी तारेचा (पाच तारी बासची सर्वात जाड तार) आवाज फाटायला लागतो. तेव्हा बासचं बटण (खालचे सूर) वाढवलं तर अँपचे वॅट तिथेच संपतात. ते थोडं उतरवून लो-मिड (खालचे-मधले सूर) चढवा. कंटूर बटण घरी गोड वाटतं, पण मिड (मधले सूर) कापत असल्याने बँडमध्ये बास गिटार गायब! जादा कॅबिनेट (वेगळी स्पीकर पेटी) जोडायची सोय नाही. आवाज कमी पडला तर एक्सएलआर (तीन पिनांचं आउटपुट) मधून पीएला, म्हणजे हॉलच्या ध्वनियंत्रणेला द्या.

कॅबिनेट जोडायचंच असेल तर रंबल ५०० घ्या. तो एकटा ३५० वॅट देतो, ८ ओहमचं कॅबिनेट जोडल्यावर ५००. केबल मात्र स्पीकरचीच हवी, गिटारची बारीक केबल तापते.