पटाचा दुसरा भाग, तोच पट कॉम्प्युटरवर, की नवाच गेम?

आमचा पहिला गेम शंकरपटाचा, म्हणजे विदर्भातल्या बैलजोड्यांच्या शर्यतीचा. अँड्रॉइडवर, फुकट, जाहिरातींवर चालणारा. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात मामाच्या माडीवर बसून मी आणि मामेभावाने तो दीड वर्षात उभा केला. दोन लॅपटॉप, एक इन्व्हर्टर. गेम निघाला आणि आठवड्याच्या आत पानठेल्यावर विचारणा सुरू झाली, "दुसरा भाग कधी काढता बे?" मामेभाऊ तेव्हापासून दुसऱ्या भागावर अडून बसला. मला तोच गेम कॉम्प्युटरवर न्यायचा होता. आणि आठवडी बाजारावरचा एक नवाकोरा गेम दोघांच्याही डोक्यात घोळत होता. तुमचाही एक गेम बाहेर आला असेल आणि पुढचं ठरत नसेल, तर आमचा हा हिशोब उपयोगी पडेल.

सिक्वेलचा, म्हणजे दुसऱ्या भागाचा, मोह कापूसवाल्याला वेगळा समजवावा लागत नाही, फरदड आठवली की झालं. वेचणी संपली, पऱ्हाटी उभीच आहे, एक पाणी दिलं की आणखी एक वेचा निघतो. बियाणं नाही, पेरणी नाही. आमचेही बैल काढून तयार, जोडी हाकणारा धुरकरी तयार, कोड तोंडपाठ. पण कृषी विभाग दरवर्षी फरदड घेऊ नका म्हणून सांगतो, कारण उभ्या झाडावर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खायला मिळत राहतं. आमच्या कोडातही अशी एक अळी होती. बैलाचा वेग आम्ही अजाणता फ्रेमरेटला, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती चित्रं दाखवते त्याला, बांधून ठेवला होता. फोन रखडला की बैल रखडे, फोन पळाला की बैल पळे. महागड्या फोनवाल्याची जोडी नेहमी पहिली. पहिल्या भागात आम्ही ते रेटून नेलं. दुसरा भाग त्याच कोडावर चढवला असता, तर अळीही सोबत आली असती.

तरी सिक्वेल वाईट नाही. फक्त त्याची वाट पाहणारे लोक आधी हवेत. ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या इवल्याशा चमूने 'हॉलो नाइट' 2017 साली काढला, 2019 मध्ये पुढचा भाग जाहीर केला आणि तो आला थेट सप्टेंबर 2025 मध्ये. सहा वर्षं लोक थांबले, कारण पहिल्याच्या दीड कोटी प्रती खपल्या होत्या. आमची वाट पाहणारे पानठेल्यावरचे आठजण. त्यातल्या तिघांनी फोनमध्ये जागा नाही म्हणून गेम काढूनही टाकला होता.

मोठ्या स्टुडिओंचं गणित निराळं. शेकडो लोकांचे पगार द्यायचे, तर ओळखीचं नाव लागतंच. 'जीटीए फाइव्ह' 2013 साली आला आणि 2022 पर्यंत प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनच्या, तीन पिढ्यांवर पुन्हापुन्हा विकला गेला. ते पाहून दोन माणसांनी आपला बेत आखू नये.

आता पोर्ट, म्हणजे तोच गेम दुसऱ्या मशीनवर नेणं. याला लोक "नुसतं कॉपी करायचं काम" समजतात. पोर्ट कुठे फळतो ते 'मारिओ कार्ट 8' वरून कळतं. 2014 मध्ये तो निन्टेंडो कंपनीच्या वी यू या मशीनवर आला आणि 85 लाखांच्या आसपास थांबला, कारण मुळात ते मशीनच दीड कोटीसुद्धा खपलं नाही. 2017 मध्ये तोच गेम थोडी भर घालून त्यांच्याच स्विच या नव्या मशीनवर आला आणि सहा कोटींच्या पुढे गेला. गेम तोच, बाजार मोठा. म्हणून पोर्ट करण्याआधी विचारायचं ते एवढंच, की जिथे नेतोय तिथे आपलं गिऱ्हाईक जास्त आहे का? फोनवर फुकट खेळणारे ढीगभर मिळतात. खिशातून पैसे काढून गेम घेणारे बहुतेक कॉम्प्युटर आणि कन्सोलवर.

प्रवेश फी परवडणारी आहे. गूगल प्ले एकदाच 25 डॉलर घेतं. स्टीम, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान, दर गेममागे 100 डॉलर घेतं आणि विक्री हजार डॉलरवर गेली की ते परत करतं. खरा खर्च कामाचा. स्टीमवर जाहिरात दाखवून बक्षीस देणारा गेम चालत नाही, आणि आमच्या गेममध्ये थकलेल्या बैलाला सरकी ढेप मिळायची ती जाहिरात पाहिल्यावरच! ढेप काढली की बैल तिसऱ्या फेरीला बसतो. म्हणजे बैलाचा दम, विश्रांती, बक्षिसाची रक्कम, सगळंच नव्याने जुळवणं आलं. त्यात फोनवर अंगठा सरकवून कासरा ओढायचा, ते माऊसवर भलतंच वाटतं. आम्ही तीन महिने धरले होते, पाच तरी लागतील असं दिसतंय.

नव्या गेमबद्दल कमीच लिहितो, कारण तिथे हिशोब मांडताच येत नाही. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोनने एकट्याने चार-साडेचार वर्षं खपून केला. 2016 मध्ये आला आणि 2024 च्या शेवटापर्यंत चार कोटींवर खपला. त्याने दुसरा भाग काढलाच नाही. आधी कन्सोल, मग फोन असे पोर्ट केले आणि नवनवी भर फुकट देत राहिला. पण ही एका माणसाची गोष्ट. 2024 या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून जास्त गेम आले, त्यातल्या किती जणांची नावं आपण ऐकली? 'अँग्री बर्ड्स'च्या आधी रोव्हियो कंपनीने पन्नासेक गेम केले होते, बरेचसे दुसऱ्यांना करून दिलेले. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या स्टुडिओला 'राजी' या गेमसाठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या वेबसाइटवर, पुरेसे पैसे जमले नाहीत. तरी ते टिकून राहिले आणि 2020 मध्ये गेम आला, पहिल्यांदा स्विचवर. मला त्यांचं कौतुक आहे, पण घरात एक पगार येत असल्याशिवाय त्या वाटेने जा, असं मी कुणाला सांगणार नाही. आमच्याकडे यंदा सोयाबीनचे पैसे तेवढे होते.

आमचं मत असं झालं : पहिला गेम लोक शेवटपर्यंत खेळत असतील तर आधी पोर्ट. अर्ध्यात सोडत असतील तर पोर्टही नको आणि सिक्वेलही नको, सरळ छोटा नवा गेम करा, सहा महिन्यांत संपेल एवढाच. सिक्वेल तेव्हा, जेव्हा अनोळखी माणूस मेल करून विचारेल. पानठेल्यावरची मागणी धरू नका, ते चहाही उधारीवर पितात.

मामेभावाला हे पटवायला मला बोलावं लागलं नाही. यवतमाळच्या एका मित्राकडे 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 चित्रं दाखवणारा, मॉनिटर आहे, त्यावर आम्ही पट लावून पाहिला. जोडी सुटली आणि जवळजवळ अडीच पट वेगाने, धुरकऱ्याला मागे हवेत ठेवून, रेषेपार गेली. मामेभाऊ बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला. "हे दुसऱ्या भागात गेलं असतं, नाही?" म्हणाला, आणि त्याच रात्री वेगाचा कोड उघडून बसला.