वेबर, मार्क्स की दुर्खीम : प्रबंधाची चौकट निवडताना

समाजशास्त्रात सैद्धांतिक चौकटीच्या (विषयाकडे कोणत्या विचारवंताच्या नजरेतून पाहायचं ते सांगणाऱ्या) प्रकरणात वेबर, मार्क्स आणि दुर्खीम या तिघांवर एकेक परिच्छेद लिहून मोकळं व्हायची पद्धत आहे. परीक्षेत ते खपून जातं. प्रबंधात मात्र घोळ होतो, कारण तिघांचे प्रश्नच वेगळे आहेत.

माक्स वेबरच्या १९०४-०५ मधल्या प्रोटेस्टंट नीतीवरच्या लेखनात कापणी करणारा एक मजूर भेटतो. मॉर्गनला (जमिनीचं जुनं जर्मन माप) १ मार्क दर असताना तो दिवसाला २.५ मॉर्गन कापून २.५ मार्क कमवायचा. दर १.२५ मार्क केला. ३ मॉर्गन कापले असते तर ३.७५ मार्क पदरात पडले असते. गडी २ मॉर्गन कापून थांबला, नेहमीचे २.५ मार्क झाले होते ना!

वेबरच्या भाषेत ही परंपरागत क्रिया. साध्य-साधनाचा हिशेब करून केलेली, मूल्यापोटी केलेली, भावनेच्या भरात केलेली आणि सवयीने चालत आलेली असे क्रियेचे चार प्रकार तो सांगतो. क्रिया ‘सामाजिक’ ठरायला करणाऱ्याच्या मनात दुसऱ्याचा विचार हवा. दोन सायकलस्वार आदळले तर ती नुसती घटना. त्यानंतरची बाचाबाची ही सामाजिक क्रिया. मग मिळकत वाढवत राहणं हेच कर्तव्य मानणारा माणूस आला कुठून, हा वेबरचा प्रश्न. उत्तराचा एक धागा तो प्रोटेस्टंट पंथाच्या शिकवणीत शोधतो. ‘प्रोटेस्टंट पंथाने भांडवलशाही जन्माला घातली’ हे वाक्य त्याच्या नावावर खपवू नका. असा एककलमी दावा त्याने स्वतःच नाकारला आहे. त्याची खरी अडचण पुराव्याची आहे. धर्मोपदेशकांच्या लेखनावरून सामान्य अनुयायांच्या मनाचा अंदाज बांधणं जोखमीचंच.

मार्क्स एक पाऊल मागे जाऊन विचारतो : हा माणूस मुळात दुसऱ्याच्या शेतात मजुरीला का आला? १८६७ च्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात त्याने स्कॉटलंडमधल्या सदरलंडचं उदाहरण दिलंय. १८१४ ते १८२० दरम्यान सुमारे १५,००० माणसांना, म्हणजे जवळपास ३,००० कुटुंबांना, हुसकावून त्यांची जमीन मेंढ्यांची कुरणं झाली. आधुनिक मजूर असा, बळजबरीने घडवला गेला. सत्ता आणि मालकी यांबाबत वेबरपेक्षा मार्क्स मला जास्त पटतो. पण गडी २ मॉर्गनवरच का थांबला, याचं नेमकं उत्तर त्याच्या चौकटीत सहज सापडत नाही.

दुर्खीमला (श्रमविभागणीवरचं पुस्तक, १८९३) एकट्या मजुराच्या मनात शिरायचंच नाही. श्रमविभागणी वाढून माणसं एकमेकांपासून वेगळी होत गेली, तरी समाज टिकतो कसा? निव्वळ करारांवर नाही, कारण करार पाळायला लावणारे नियम करारात नसतात. एकता मोजता येत नाही म्हणून तो कायद्याकडे वळतो : शिक्षा देणारा कायदा यांत्रिक एकतेची (माणसं सारखी असल्यामुळे येणाऱ्या) खूण, नुकसान भरून देणारा सेंद्रिय एकतेची (वेगळी माणसं एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे येणाऱ्या). पद्धत म्हणून हे फार हुशारीचं आहे. जुलूम मात्र तो ‘लादलेली श्रमविभागणी’ म्हणून अपवादाच्या कप्प्यात टाकतो, आणि तिथे माझं त्याच्याशी जमत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पार्सन्सने १९३७ मध्ये वेबर, दुर्खीम आणि पॅरेटो व मार्शल हे अर्थशास्त्रज्ञ अशा चौघांच्या विचारांची मोट बांधली. मार्क्स त्या चौघांत नाही. सुरुवातीला पार्सन्सच्या वाटेला जाऊ नका. जर्मन विचारवंत हाबरमासही (१९८१) वेबर वाचल्यावरच कळतो.

हाताशी मुलाखती, पत्रं, रोजनिशा असतील तर वेबर घ्या. जमिनीच्या नोंदी आणि मजुरीचे हिशेब असतील तर मार्क्स. कायदे किंवा आकडेवारी असेल तर दुर्खीम. दोघांची सांगड घालायचीच असेल तर मार्क्स-वेबर जोडी निभावते : जमीन कशी गेली ते एकाकडून घ्यायचं, त्यानंतर माणूस काय समजून वागला ते दुसऱ्याकडून. वाचायला सुरुवात ‘भांडवल’च्या पहिल्या खंडातल्या शेवटच्या भागापासून करा, मूल्यसिद्धांताची (वस्तूचं मूल्य कशातून येतं याची) सुरुवातीची प्रकरणं नंतर वाचली तरी चालतील.