आजारी कोंबडीसाठी कुडाळ बाजारातलं पशुऔषधांचं दुकान

कोंबडी आजारी पडली की आमच्याकडे दोनच सल्ले मिळतात: कापून टाक, नाहीतर अँटिबायोटिकची गोळी पाण्यातून दे. या दुकानदाराने दोन्ही दिले नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आमची तांबडी गावठी कोंबडी ऐन पावसात पिसं फुलवून कोपऱ्यात बसली. तुरा फिका, खाणं बंद. गोळी मागितली तर तो म्हणाला, “डॉक्टरची चिठ्ठी हाडा, मगे देतंय.” मग विचारलं, विष्ठेत रक्त दिसतं का? ओल्या खुराड्यात रक्ती हगवण झपाट्याने पसरते. तसं असेल तर सरळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, नाहीतर जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या हेल्पलाइनला फोन लावा. रक्त नव्हतं. तरी तिला बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवाच, असं बजावून तो म्हणाला, “काकी, आधी तिका ऊब देवा, मगे पाणी. खाण्याचा शेवटाक.”

कोंबडीचं अंग मुळात 41 अंशांच्या आसपास गरम असतं. ती गार पडली की पोटात गेलेलं पचत नाही. म्हणून क्रेटच्या एका टोकाला 40 वॉटचा पिवळा बल्ब, दुसरं टोक मोकळं, उकडलं तर तिला सरकता यावं. लाईट गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. कोकणातल्या पावसात ही बाटली हाताशी हवीच.

सगळ्यात उपयोगी पडली ती बिनसुईची सिरिंज. जिभेच्या मागे श्वासाचं भोक असतं, पाणी जोरात सोडलं तर थेट फुप्फुसात जातं. त्याने गिऱ्हाईक थांबवून अंगठा आणि तर्जनी चोचीसारखी धरली आणि कडेला एकेक थेंब कसा टेकवायचा ते दाखवलं. थेंब टेकला की कोंबडी आपणच गिळते. तांबडीने तस्संच केलं.

इलेक्ट्रोलाइट पावडर (पाण्यात कालवून द्यायचे क्षार) चांगली आहे, पण लहान पाकीट मिळत नाही आणि दमट हवेत तिचे खडे होतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, पाणी रोज ताजं कालवा. प्लॅस्टिकचा ड्रिंकर, म्हणजे कोंबड्यांचं पाणी प्यायचं भांडं, मात्र घेऊ नका. हलका आहे, अशक्त कोंबडीचा धक्का लागला तरी कलंडतो आणि खालचं तूस भिजतं. जड काचेची वाटी बरी.

डॉक्टरांनी तपासून जंताचं औषध दिलं. ती पाणी नीट प्यायला लागल्यावर पातळ पेज आणि उकडलेल्या अंड्याचा बलक सुरू केला. रोज सकाळी छातीवरची अन्नपिशवी चाचपायची. रिकामी लागली तर रात्रीचं पचलं. आता ती परसात उकरत फिरते.

दुकान दुपारी बंद असतं, संध्याकाळी जा. जाताना विष्ठेचा फोटो काढून न्या, तो पहिलं तेच विचारतो.