सकाळी दिल्ली, संध्याकाळी पुणे: ए३२०निओ घ्यावं की ७३७ मॅक्स?

लोहगावहून सकाळी दिल्लीला जाऊन संध्याकाळी परत यायचं असेल, तर तिकीट काढताना बहुतेकजण वेळ आणि भाडं पाहतात. ते बरोबरच आहे. पण दोन फेऱ्यांच्या वेळा जवळजवळ सारख्या आणि भाड्यात दोन-तीनशेचा फरक असेल, तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं विमानाचं नाव वाचायला हरकत नाही. पुण्याच्या प्रवाशासमोर बहुधा दोनच पर्याय असतात, एअरबस ए३२०निओ (किंवा तिचं लांब भावंड ए३२१निओ) आणि बोइंग ७३७ मॅक्स ८. इंडिगो आणि एअर इंडिया म्हणजे बहुतेक वेळा एअरबस, अकासा म्हणजे मॅक्स. गोंधळ होतो तो एअर इंडिया एक्स्प्रेसचा. जुनी एअरएशिया इंडिया त्यात २०२४ मध्ये विलीन झाली आणि तिची ए३२० विमानंही सोबत आली. त्यामुळे एकाच नावाखाली दोन्ही जातीची विमानं उडतात.

जात ओळखायची असेल तर रंगाकडे पाहू नका, नाकाकडे पाहा. एअरबसचं नाक गोलसर, ७३७ चं टोकदार. ७३७ ची शेपटी बुंध्याशी तिरकी चढत जाते, एअरबसची थेट उभी राहते. इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते दिसले की मॅक्स. आणि उड्डाणानंतर चाकं पोटात गेली तरी त्यांच्या चकत्या खालून उघड्या दिसल्या, तर ते ७३७. त्याच्या मुख्य चाकांना पूर्ण झाकणारी दारं नसतात.

बुकिंग करताना संकेत वाचायचे. ३२एन म्हणजे ए३२०निओ, ३२क्यू म्हणजे ए३२१निओ, ७एम८ म्हणजे मॅक्स ८. विमानाचा माग दाखवणाऱ्या ॲपवर हीच तिघं ए२०एन, ए२१एन आणि बी३८एम अशी दिसतात. काही ठिकाणी मॅक्स हा शब्दच नसतो, नुसतं ७३७-८ लिहिलेलं असतं. ते ७३७-८०० नव्हे. आठशे ही आधीची पिढी.

आता रुंदी. ए३२० ची केबिन आतून ३.७० मीटर, ७३७ ची ३.५३. सतरा सेंटिमीटरचा फरक ऐकायला फार वाटत नाही. आयल (सीटांमधली चालायची वाट) तेवढीच ठेवली तर सहा सीटांत वाटून प्रत्येकाला जेमतेम पावणेतीन-तीन सेंटिमीटर येतात, म्हणजे साधारण एक इंच. पण हा इंच बसतो खांद्यापाशी. ७३७ चा वरचा घेर १९५० च्या दशकातल्या ७०७ चाच आहे, त्यामुळे खिडकीकडची भिंत खांद्याच्या उंचीवर आत कललेली जाणवते. मधल्या सीटवरचा माणूस अंगाने भरलेला असेल तर खिडकीवाल्याला दोन तास डोकं किंचित आयलकडे झुकवून बसावं लागतं. एअरबसमध्ये भिंत जरा उशिरा वळते. उंच माणसाला हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो, बुटक्याला कदाचित कळणारही नाही. पाय पसरायच्या जागेचा मात्र विमानाशी संबंध नाही. ती सीटा किती दाटीने बसवल्या यावर ठरते. एअर इंडियाच्या नव्याने सजवलेल्या ए३२०निओत तीन वर्ग मिळून १६४ सीटा आहेत, तर त्याच विमानात इंडिगो १८० किंवा १८६ बसवते. तेव्हा ‘एअरबसमध्ये पाय मोकळे राहतात’ असं कुणी सांगितलं तर कुणाची एअरबस ते विचारा.

आवाजाच्या बाबतीत मामला इतका सरळ नाही. ए३२०निओला दोन प्रकारच्या इंजिनांपैकी एका प्रकारचं असतं. एक प्रॅट अँड व्हिटनीचं गिअरवालं, ज्याचा पंखा २.०६ मीटर व्यासाचा आहे आणि टर्बाइनच्या साधारण एक तृतीयांश वेगाने फिरतो. दुसरं सीएफएमचं लीप-१ए, १.९८ मीटरचं. मॅक्सला लीप-१बी, व्यास १.७६ मीटर. मोठ्या पंख्याने हवा जास्त आणि सावकाश ढकलली जाते, म्हणून निओ चढताना घुमते, किंचाळत नाही. प्रॅटवाल्या विमानात टॅक्सी करताना (जमिनीवर चाकांवर चालताना) आणि उतरताना देवमाशासारखा लांब हुंकार ऐकू येतो. काहींना तो आवडतो, काहींची झोप उडते. ही इंजिनं सुरू व्हायला अंमळ वेळही लागतो. आधीच्या फेरीच्या उष्णतेने आतला दांडा किंचित वाकलेला असतो, म्हणून इंधन पेटवण्याआधी तो थोडा वेळ नुसता फिरवून सरळ करावा लागतो. दार बंद झालं आणि विमान हलेना, तर प्रत्येक वेळी खोळंबा झालाय असं समजू नका.

एअरबसचा खरा त्रासदायक आवाज वेगळाच आहे, आणि तो जमिनीवरचा आहे. पंखाजवळच्या रांगांत बसलात तर इंजिन सुरू करताना किंवा उतरल्यावर एकाच इंजिनावर टॅक्सी करताना पायाखालून कुणीतरी लाकूड कापतंय, नाहीतर कुत्रं अडखळत भुंकतंय असा आवाज येतो. विमानात तीन हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) यंत्रणा असतात, त्यांतल्या दोन म्हणजे ग्रीन आणि यलो. या दोघींच्या दाबात सुमारे ५०० पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) फरक पडला की एकीच्या जोरावर दुसरीला दाब देणारं युनिट आपोआप चालू-बंद होतं, तोच हा आवाज. बिघाड नसतो. शेजारी पहिल्यांदा प्रवास करणारे काका-काकू असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. मॅक्समध्ये हे भुंकणं नाही, तेवढा गुण तिला द्यायलाच हवा.

मॅक्सला आणखीही काही गुण द्यावे लागतील. ७३७ जमिनीला बुटकं आहे, कारण १९६७ मध्ये ते पहिल्यांदा उडालं तेव्हा लहान विमानतळांवर जिना आणि सामान हाताने चढवणं सोपं जावं असा हिशोब होता. एरोब्रिज न मिळता बसने विमानापर्यंत जावं लागलं, तर ७३७ च्या पुढच्या दाराला एअरबसपेक्षा सुमारे अर्धा मीटर कमी चढावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेवढ्या पायऱ्यांची किंमत कळते. केबिनमधला प्रकाश, छताचा कमानदार आकार आणि वरून खाली उतरणारे सामानाचे कप्पे हेही मॅक्समध्ये छान जमलेत. आणि विंगलेट, म्हणजे पंखाचं वळवलेलं टोक! मॅक्सचा वर-खाली दुभंगलेला विंगलेट उन्हात जो दिसतो, त्यापुढे एअरबसचं शार्कलेट साधं वाटतं.

रंगकामाचं म्हणाल तर तिथेही ७३७ थोडं पुढे आहे, असं माझं मत. शेपटी बुंध्याशी पसरत गेल्यामुळे चित्राला जागा जास्त मिळते. एअर इंडिया एक्स्प्रेसने ऑक्टोबर २०२३ मध्ये नारिंगी-निळसर हिरवा रंग घेतला आणि शेपटीवर बांधणी, अजरख अशी वस्त्रांची नक्षी आणली. ती ७३७ च्या उतरत्या शेपटीवर पदरासारखी पसरते, एअरबसच्या उभ्या शेपटीवर चौकटीत बसवल्यासारखी वाटते. अकासाच्या जांभळ्या-नारिंगीलाही लांबट, निमुळतं अंग शोभतं. एअर इंडियाची ऑगस्ट २०२३ ची नवी ‘व्हिस्टा’ रंगसजावट मात्र मोठ्या ए३५० वर जितकी भारदस्त दिसते तितकी ए३२० वर दिसत नाही. शेपटीवरचे लाल, सोनेरी आणि वांगी रंगाचे पट्टे लहान जागेत एकमेकांना चिकटतात. खिडक्यांभोवती रंगवलेला जुना झरोका गेला याची हळहळ वाटणारे बरेच आहेत, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. इंडिगो २००६ पासून जवळजवळ तशीच आहे, निळं पोट आणि ठिपक्यांचं विमान. कंटाळवाणं म्हणा, पण मळत नाही.

सुरक्षेचा प्रश्न कुणीतरी विचारतोच, म्हणून थोडक्यात. मॅक्सच्या २०१८ आणि २०१९ च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. बुटक्या पायांमुळे मोठं इंजिन पंखाच्या पुढे आणि वर बसवावं लागलं. नाक वर जाण्याची त्यातून येणारी ओढ सांभाळायला जी संगणकीय व्यवस्था घातली, ती एकाच सेन्सरवर विसंबून होती. आता ती दोन सेन्सर ताडून पाहते, एकदाच काम करते आणि वैमानिकाला तिच्यावर मात करता येते. भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये मॅक्सला पुन्हा परवानगी दिली. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत दाराच्या जागचा तुकडा उडाला तो मॅक्स ९ चा होता. नेहमीच्या मॅक्स ८ ला ती जागाच नाही. एअरबसचीही पाटी कोरी नाही. प्रॅटच्या इंजिनांतल्या धातूच्या भुकटीतल्या दोषामुळे २०२३ पासून अनेक निओ जमिनीवर बसल्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जगभरातल्या ए३२० कुटुंबातल्या सुमारे ६,००० विमानांच्या उड्डाण संगणकाची दुरुस्ती करून घ्यावी लागली. या मुद्द्यावर पारडं कुठेच झुकवता येत नाही.

मग झुकतं कुठे? डाव्या खिडकीवर.

पुण्याहून दिल्ली जवळजवळ सरळ उत्तरेला. सकाळच्या फेरीत सूर्य उजवीकडे, म्हणजे एफ सीटवर (उजवी खिडकी) ऊन आणि ए सीटवर (डावी खिडकी) सावली. संध्याकाळी परतताना तोंड दक्षिणेला, सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजवीकडेच. सकाळी जाऊन संध्याकाळी येणाऱ्याला दोन्ही वेळा डावी बाजू सावलीची. फोटोच्या हौशी माणसाला तर डावीच हवी, कारण प्रकाश पाठीमागून येतो, इंजिन आणि पंख उजळ दिसतात, काचेत स्वतःचं तोंड उमटत नाही. शिवाय सकाळी हवा स्वच्छ असली तर पहिली पंधरा-वीस मिनिटं सह्याद्रीची कड त्याच बाजूला असते.

आणि नेमकी हीच बाजू ७३७ ने बिघडवली आहे. पोटातल्या वातानुकूलन यंत्रापासून छतापर्यंत हवा नेणारे नळ डाव्या भिंतीतून, पंखाच्या थोडं पुढून वर जातात. त्यामुळे त्या बाजूच्या एका रांगेला खिडकीच बसवता येत नाही. खिडकीच्या जागी नुसतं प्लास्टिक! सीट नकाशावर मात्र ती इतर ए सीटांसारखीच दिसते, आणि खिडकीचे पैसे लावायला सहसा कुणी विसरत नाही. मॅक्स दिसायला देखणी, चढायला सोपी, पण सावलीच्या बाजूला आंधळी. हे एकदा डोक्यात बसलं की निघत नाही.

एअरबसमध्ये खिडकी नेहमी नाकासमोर येते असंही नाही. खिडक्या सांगाड्याच्या मापाने बसतात, ए३२० मध्ये दर २१ इंचांनी आणि ७३७ मध्ये दर २० इंचांनी. सीटा बसतात २८ ते ३० इंचांनी. दोन्ही मापं जुळत नाहीत, म्हणून कुणाला दीड खिडकी मिळते, कुणाला दोन खिडक्यांमधला खांब. पण खांबापलीकडे मान वाकवून पाहता येतं, भिंतीपलीकडे नाही. ए३२१निओमध्ये मधल्या दारांजवळच्या रांगा तेवढ्या टाळा, तिथेही काही जागी काच नसते.

म्हणून दोन्ही फेऱ्या सारख्या असतील तर माझा कल ए३२०निओकडे, तीन ते आठमधल्या कुठल्याही रांगेतली ए. इंजिनाच्या पुढे असल्याने शांत, आणि ते भुंकणंही जरा मागे राहतं.

मॅक्सच घ्यायची झाली, तर सीट नकाशावर पंखावरच्या आणीबाणीच्या दारांच्या दोन रांगा आधी शोधा. त्यातल्या पुढच्या रांगेपासून नाकाकडे मोजत चौथी, पाचवी आणि सहावी रांग ए बाजूला संशयित धरा. रांगेचा आकडा पाठ करून उपयोग नाही. काही विमानांत पुढे बिझनेसच्या सीटा असतात आणि क्रमांक सरकतात. आदल्या रात्री विमान बदललंय का ते पुन्हा पाहा. ए३२० च्या जागी मॅक्स आली तर तुमची निवडलेली सीट तीच राहिली तरी भिंत मात्र नवी येते. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा जमिनीवर आणि उडता-उतरताना कॅमेरा पिशवीत. खिडकीची शेड खाली करायला सांगितली तर मुकाट्याने करा.

पुढच्या सगळ्या ए गेल्या असतील, तर त्या तीन रांगांवर नशीब आजमावण्यापेक्षा उजवीकडची एफ घ्या आणि गॉगल वरच्या कप्प्यात न टाकता खिशात ठेवा. हिवाळ्यात सकाळचं ऊन उजव्या गालावर मागून तिरकं येतं, त्यामुळे शेड अर्धी ओढली तरी खालच्या अर्ध्यातून बाहेर दिसत राहतं.